मान लांब दिसावी म्हणून

१

सकाळी दालनाचं दार उघडलं तेव्हा हॅटी लोवेन्थलच्या नावाची पितळी पाटी जागच्या जागी होती, पाटीखालची लिलीची फुलं जागच्या जागी होती, आणि मधल्या चौथऱ्यावरचा कापडी पुतळा उघडानागडा उभा होता. त्याच्या अंगावरचा पांढरा गाऊन नाहीसा झाला होता.

वस्त्रसंग्रहालयाच्या संचालिका ऑगस्टा पेल यांनी पहिला फोन विमा कंपनीला केला, पोलिसांना नाही. पोलीस आले की बातमीदार येतात, आणि बातमीदारांना त्यांनी संध्याकाळी बोलावलं होतं. संध्याकाळी दालनाचं उद्घाटन होतं. निम्मं न्यूयॉर्क त्यासाठी नवे कपडे शिवून बसलं होतं, म्हणजे ज्यांना ऑगस्टाबाई न्यूयॉर्क समजत ते.

विमा कंपनीने बर्नीस कॅपुटोला पाठवलं. बर्नीस क्वीन्सहून भुयारी गाडीने आली, सेलमध्ये घेतलेल्या तपकिरी कोटात आणि पायाला चावणाऱ्या बुटांत. ऑगस्टाबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग पायापासून डोक्यापर्यंत, आणि जाता-येता त्यांना बघण्यासारखं काही सापडलं नाही. बर्नीसला याची सवय होती. श्रीमंतांच्या हरवलेल्या वस्तू शोधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू श्रीमंतांच्याच कपाटात निघाल्या होत्या. या लोकांचा तिला आता राग येत नसे. नुसती तुच्छता उरली होती, आणि ती भरपूर उरली होती.

"कसला गाऊन होता?" तिने विचारलं.

"कसला?" ऑगस्टाबाईंनी छातीवर हात ठेवला. "अहो, तो गाऊन! लग्नाचा. बेचाळीस साली पॅरिसवर जर्मन बसले होते, रेशीम मिळत नव्हतं, तेव्हा लेनोर डार्सीने एकटीने शिवला, पडद्याच्या पांढऱ्या कापडातून. तोपर्यंत आपल्या बायका पॅरिसची नक्कल घालायच्या. हॅटीने तो एक गाऊन वर्तमानपत्रांपुढे ठेवला आणि सांगितलं, ही घ्या अमेरिकेची फॅशन. तिथून सगळं सुरू झालं."

"म्हणजे पडदा चोरीला गेलाय," बर्नीस म्हणाली.

ऑगस्टाबाईंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. आदल्या संध्याकाळी शेजारच्या खोलीत देणगीदारांचं जेवण होतं. बाकीच्या दारांना कुलपं आणि घंटा. बाहेर पडायची वाट एकच, आणि तिथे पहारेकऱ्याने प्रत्येकाची पर्स उघडून पाहिली होती.

"देणगीदारांच्या पर्सा तपासता?"

"गेल्या वर्षी चांदीचे चमचे कमी भरले," ऑगस्टाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "गाऊन पर्समध्ये मावणं शक्यच नाही. केवढा तरी घेर, मागे शेपटासारखा लोळणारा. तेव्हा तो अंगावर घालून, वर कोट चढवूनच नेला. आणि इथेच सगळं उलगडतं. बाह्या ढगळ असल्या तरी कंबर एवढीशी. मानेपासून कमरेखालपर्यंत पाठीवर गुंड्या. तो ज्या मुलीच्या अंगावर बेतला होता, तिच्याखेरीज कुणाच्या अंगाला होणार नाही."

"ती मुलगी कुठे असते आता?"

खिडकीपाशी एक काटकुळी बाई रेनकोट घालून ताठ उभी होती. साठी ओलांडलेली, केस करडे, हाताची घडी.

"इथेच असते," ती बाई म्हणाली. "आणि अजून तेवढीच बारीक आहे."

२

तिचं नाव फिलोमिना डेसी. अठराव्या वर्षी ती हॅटीकडे लागली ती कपडे अंगावर बेतून घ्यायला, दिवसभर टाचण्या टोचून घेत उभं राहायला. पुढे फोन घेऊ लागली, मग बातम्या लिहू लागली, आणि शेवटी हॅटीचा उजवा हात झाली.

हॅटी लोवेन्थल कोण हे बर्नीसला सांगावं लागलं नाही. हॅटीच्या आधी सातव्या रस्त्यावर, म्हणजे न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यांच्या रस्त्यावर, तयार होणाऱ्या कपड्यांवर कारखानदाराचं नाव असे, आणि ज्याने कपडा बेतला तो मागच्या खोलीत दुपारचा डबा खात बसलेला असे. हॅटीने मागच्या खोलीतली नावं पुढे आणली. गावोगावच्या वर्तमानपत्रांतल्या बायकांना तिने शहरात बोलावलं, हॉटेलात उतरवलं, खाऊपिऊ घातलं, सोनेरी खुर्च्यांवर बसवून कपडे दाखवले. त्या बायकांनी गावी जाऊन तिने सांगितलं तेच लिहिलं, आणि देशभरच्या बायकांनी ते खरं मानलं. तिने घडवलेल्या फॅशनवाल्यांनी बंगले बांधले. तिच्या तेराव्याला, म्हणजे यांच्याकडे जे काय असतं त्याला, ते सगळे आले होते आणि पहिल्या रांगेवरून भांडले होते.

"तुम्ही घेतला का गाऊन?" बर्नीसने सरळ विचारलं.

"मी कशाला घेऊ? आजपासून मी त्याची राखणदार होणार होते. हॅटीने मृत्युपत्रात तसं लिहिलंय, या दालनाची देखरेख मरेपर्यंत फिलकडे, म्हणजे माझ्याकडे. त्यावरून तिच्या भाच्याचा जळफळाट झालाय."

"हे काम गेलं तर?"

फिलोमिना खिडकीबाहेर बघत राहिली. "बाई, मी जन्मभर हॅटीच्या मागे उभी राहिले. फोटो निघायचा तेव्हा मला बाजूला व्हायला सांगायचे, आणि मी व्हायचे. आता पहिल्यांदा माझं नाव एका दारावर लागलंय. बारीक अक्षरांत का होईना, लागलंय. आणि संध्याकाळच्या पेपरात ते चोर म्हणून छापून येणार आहे. त्या भाच्याने, ल्युसियनने, न्याहारीच्या आधीच फोन करून बातमी दिली. 'जुन्या विश्वासू नोकराणीवर संशय.' नोकराणी! माझ्या हाताखाली शिकलाय गाढव, बातमी कशी द्यायची ते."

बर्नीसला ही बाई आवडली. म्हणूनच तिने पुढचा प्रश्न जरा कडक आवाजात विचारला.

"काल जेवण चालू असताना तुम्ही दालनात गेला होता?"

"गेले होते."

"कशाला?"

"वरची गुंडी लावायला. इथल्या पंडितांनी ती चुकीच्या घरात घातली होती."

"म्हणजे त्या गाऊनला काल शेवटचा हात तुमचाच लागला."

"शेवटचा नाही," फिलोमिना म्हणाली. "पण हे तुम्ही सिद्ध करायचंय. मी सांगून कोण ऐकणार?"

३

भाचा ल्युसियन आत आला तो काळी झूल पांघरून. मार्चमधली बोचरी थंडी होती, तरी कोट घालायचा सोडून झूल! जन्माच्या दाखल्यावर त्याचं नाव लू होतं. आत्याची कंपनी आता तो चालवत होता, म्हणजे आत्याच्या खुर्चीत बसून आत्याच्या गिऱ्हाइकांना जेवायला नेत होता.

"आत्या फार भोळी होती हो," तो म्हणाला. "कुणावरही विश्वास टाकायची."

"भोळी? मी तर ऐकलंय, तिने शहराच्या मेयरला खुर्चीवरून उठवून मागच्या रांगेत बसवलं होतं."

"ते वेगळं. ते कामाचं होतं."

"काल तुम्ही भाषण केलंत. तेवढ्या वेळात कोण उठून गेलं?"

"कोणीसुद्धा नाही. सगळे खिळून बसले होते. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं."

ऑगस्टाबाईंनी बर्नीसला आधीच सांगून ठेवलं होतं की त्या भाषणात प्रत्येक जण निदान एकदा हात धुवायला गेला होता, काही तर दोनदा, आणि पहारेकरीसुद्धा केक खायला स्वयंपाकघरात सटकला होता. ल्युसियनने झूल सावरली, काचेत स्वतःला पाहून घेतलं आणि तो गेला.

त्याच्यामागून लेनोर डार्सी आली, आणि अख्ख्या खोलीत तिच्या अत्तराचा वास भरला. वय सत्तरीचं, अंगाने चांगली दणकट, घेरदार, महागड्या सेबल फरचा कोट खांद्यावर टाकलेला. आत गळ्यापर्यंत बंद काळा पोशाख.

"कोट काढून ठेवा ना," बर्नीस म्हणाली.

"मी कोट कुठेही ठेवत नाही गं बाळा. लोक हात पुसतात त्याला." ती दोन खुर्च्यांची जागा घेऊन बसली आणि न विचारता बोलू लागली. "मी तो गाऊन एका रात्रीत शिवला. मेणबत्तीच्या उजेडात. बाहेर दिवे घालवलेले, युद्धाचे दिवस. बोटांतून रक्त येत होतं, पण मी म्हटलं, लेनोर, आज तू थांबलीस तर अमेरिका थांबेल."

ती हे इतक्या वेळा बोलली होती की कुठे आवंढा गिळायचा तेही ठरलेलं होतं. बर्नीस जांभई दाबत बसली.

"आणि हा?" तिने काळ्या पोशाखाकडे बोट केलं. "हाही तुम्हीच केलेला?"

लेनोरचा चेहरा खुलला. "हा म्हणजे लेनोर डार्सी जर्सी, माझ्या नावाचं विणीचं कापड! मी दुसरं काही घालतच नाही. कालही हाच होता. इस्त्री नको, घडी नको. गुंडाळला की पर्समध्ये जातो. हॅटीने जाहिरातच तशी लिहिली होती. आणि गळा बंद, नेहमी बंद. गेल्या वीस वर्षांत माझा गळा माझ्या डॉक्टरशिवाय कुणी पाहिला नाही."

"गाऊन गेल्याचं वाईट वाटत असेल."

"तर! पण या ऑगस्टाचं काय? काल भर जेवणात उठली आणि जाहीर केलं, म्हणे खालच्या दुमडीत झोकासाठी शिशाच्या गोळ्या घातल्यात, त्यांनी कापड डागळतंय, म्हणून पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यासमोर दुमड उसवणार. माझ्या गाऊनची दुमड! मला न विचारता! कोण लागून गेली ही? चाळीसेक वर्षांत कुणी त्या दुमडीला हात लावला नव्हता!"

तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती गेल्यावर बर्नीसने तिचं बोलणं मनात पुन्हा चालवून पाहिलं. जिच्या आयुष्याचं एकुलतं एक मोठं काम चोरीला गेलं होतं, ती बाई चोरावर एका शब्दाने चिडली नव्हती. तिची सगळी आग दुमड उसवणारीवर होती.

४

पहारेकरी ऑर्विल टिब्स याला आपली नोकरी जाणार अशी खात्रीच होती, त्यामुळे तो अगदी मोकळेपणाने बोलला.

"पर्सा सगळ्यांच्या पाहिल्या, मॅडम. त्या झूलवाल्याकडे आरसा आणि त्याच्याच भाषणाच्या प्रती. डेसीबाईंकडे सुईदोऱ्याचा बटवा. फरवाल्या बाईंकडे पावडर, औषधाच्या गोळ्या आणि काळ्या कापडाची गुंडाळी, एवढी, पावाएवढी. शाल असेल. बाईमाणसाची वस्तू, मी कशाला उलगडू? संचालकबाई तर घरच्याच, त्या नुसत्या पायऱ्यांपर्यंत गेल्या सगळ्यांना पोचवायला."

"कोट कुणाकुणाचे अंगावर होते? म्हणजे आधी जमा न केलेले?"

"झूलवाला, फरवाल्या बाई, आणि डेसीबाईंचा रेनकोट. बाकीच्यांचे आमच्याकडे खुंटीला होते."

तीन जण. त्यांतला एक पुरुष, एक भरभक्कम, आणि एक काटकुळी. सगळं पुन्हा फिलोमिनावरच येऊन ठेपत होतं. बर्नीस दालनात परत आली आणि भिंतीवरचे जुने फोटो बघत चालू लागली. हॅटीने भरवलेल्या फॅशन शोंचे फोटो, सोनेरी खुर्च्या, टोप्या घातलेल्या बातमीदार बायका. एका फोटोपाशी ती थांबली. तो कुणीतरी पडद्यामागून घेतला होता. पाठमोऱ्या मुली ओळीने उभ्या होत्या, आणि कुणाच्या पाठीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, तर कुणाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत सताड उघडी.

"हे काय ध्यान?" तिने फिलोमिनाला विचारलं.

फिलोमिना पहिल्यांदाच हसली. "नमुन्याचा कपडा एकाच मापाचा असायचा, आणि मुली सगळ्या मापांच्या. मोठा पडला तर मागून चिमटे. लहान पडला तर मागून उघडाच ठेवायचा, बाह्यांवर अडकून राहतो तो. पाहुण्या समोर बसायच्या, फोटो समोरून निघायचा. मागे कोण बघतंय? या धंद्यात आम्ही सगळ्या असंच करायचो."

बर्नीसने वळून त्या नागड्या पुतळ्याकडे पाहिलं. त्याच्या एवढ्याशा कमरेवरून सकाळपासून सगळे एका म्हातारीला फासावर द्यायला निघाले होते. कुणालाच, कपड्यांत जन्म काढलेल्या या शहाण्यांपैकी कुणालाच, सुचलं नव्हतं की गाऊनच्या गुंड्या लावायला हव्यातच असं नाही. का सुचलं नसेल, तेही तिला कळत होतं. फिलोमिना चोर ठरली की सगळ्यांचंच सोयीचं होत होतं.

ती ऑगस्टाबाईंच्या खोलीत गेली. टेबलावर सकाळचं वर्तमानपत्र पडलं होतं, आतल्या पानावर कालच्या जेवणाचा फोटो. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर तिघं उभी, ऑगस्टाबाई, ल्युसियन आणि लेनोर, तिघांच्या माना बगळ्यासारख्या वर.

"बघितलात हा?" बर्नीस म्हणाली.

"बघितला. माझ्या हनुवटीखाली दुसरी हनुवटी आलीय. मी संपादकाला कळवणार आहे."

दारातून ल्युसियन डोकावला. "माझी झूल छान आलीय. फक्त डाव्या बाजूने घ्यायला हवा होता."

"थंडी होती ना काल? मग तिघांच्या कॉलरी उघड्या कशा?"

उत्तर बर्नीसच्या मागोमाग आलेल्या फिलोमिनाने दिलं. "हॅटीची शिकवण. कॅमेरा दिसला की आधी कॉलर उघडायची, मग हनुवटी वर. मान लांब दिसते. तिने एकेकाला आरशासमोर उभं करून घोटून घेतलंय. आता यांना झोपेत हाक मारली तरी हात कॉलरीकडेच जाईल."

बर्नीसने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग तिने भिंग मागितलं, आणि भिंगातून एकदा पाहिल्यावर म्हणाली, "सगळ्यांना दालनात बोलवा. डार्सीबाईंना आधी."

५

ती मंडळी पुतळ्याभोवती अर्धवर्तुळात बसली, आणि तेवढ्यातही मधल्या खुर्चीवरून ल्युसियन आणि लेनोर यांची जरा ओढाताण झाली. ती लेनोरने जिंकली.

"गाऊन कोटाखालून गेला, इथवर तुमचं बरोबर आहे," बर्नीसने सुरुवात केली. "पण तो मागून उघडा ठेवून गेला. ढगळ बाह्यांत हात घातले, मागचा घोळ कमरेला गुंडाळला, वर कोट ओढला. तेव्हा अंगाचं माप सोडून द्या. ज्यांच्या अंगावर कोट होता ते तिघंही संशयात राहिले."

"झुलीला बाह्या नसतात," ल्युसियन घाईघाईने म्हणाला. "आणि पुढून उघडी असते."

"मान्य. पायरी उतरताना तुमच्या झुलीतून लग्नाचा गाऊन डोकावला असता, आणि तुम्ही त्याचाही फोटो काढवला असता. तुम्ही सुटलात." बर्नीस वळली. "उरल्या दोघी. आता दुसरा प्रश्न. गाऊन अंगावर चढवायचा तर आपला पोशाख उतरवायला हवा. तो कुठे गेला? कुठेही टाकलेला सापडला नाही. डेसीबाईंच्या पर्समध्ये सुईदोरा होता. आणि एका पर्समध्ये काळ्या कापडाची पावाएवढी गुंडाळी होती. ऑर्विलला ती शाल वाटली. इस्त्री नको, घडी नको, गुंडाळला की पर्समध्ये जातो. बरोबर ना, डार्सीबाई? सकाळी तुम्हीच मला जाहिरात म्हणून दाखवलीत."

लेनोर हसली. चांगलं, पाठ केलेलं हसू होतं. "शालच होती ती. ही बाई कुठून पकडून आणलीत, ऑगस्टा?"

"मग हे बघा." बर्नीसने वर्तमानपत्र पुढे धरलं. "हे पान सकाळपासून इथे पडलंय. ऑगस्टाबाईंनी यात आपली हनुवटी पाहिली. ल्युसियनसाहेबांनी आपली झूल पाहिली. तुम्ही आपला चेहरा पाहिला असणार. शेजारच्याकडे तुमच्यापैकी एकाने नजर टाकली नाही. जेवताना तुम्ही गळ्यापर्यंत काळ्या होता. पायऱ्यांवर फोटोवाल्याने हाक मारली, तुम्ही कॉलर उघडलीत, आणि आत काय दिसतंय?"

ऑगस्टाबाईंनी भिंग घेतलं. ल्युसियनने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं. फरच्या कॉलरीत, हाताच्या पंजाएवढी जागा पांढरी शुभ्र होती.

"चोरलेला गाऊन अंगावर, पाठ उघडी, पुढे दहा पावलांवर टॅक्सी," बर्नीस म्हणाली. "दुसरी कुठलीही बाई मान खाली घालून पळाली असती. तुम्ही थांबलात, वळलात आणि नीट उभ्या राहिलात."

लेनोरचं हसू हळूहळू उतरलं, आणि मग ती एकदम म्हातारी दिसायला लागली.

"त्याने माझं नाव घेतलं गं," ती पुटपुटली. "हल्ली कोण नावाने हाक मारतं?"

"पण का?" ऑगस्टाबाई ओरडल्या. "तुमचाच तर गाऊन होता!"

"नव्हता," फिलोमिना म्हणाली.

६

गाऊन लेनोरच्या हॉटेलातल्या पलंगावर होता. ऑर्विल जाऊन घेऊन आला. तोपर्यंत सगळं बाहेर आलं, कारण एकदा रडायला लागल्यावर लेनोरला थांबता येत नव्हतं.

गाऊन बेतला होता इसिडोर ग्लुकने. मागच्या खोलीत कातर चालवणारा माणूस, बुटका, टकला, अंगाला लसणीचा वास. त्याच खोलीत नेब्रास्काहून आलेली लीना डुबेक नावाची उंच, गोरी मुलगी खोक्यांना दोऱ्या बांधायची. हॅटीने गाऊन पाहिला, मग इसिडोरकडे पाहिलं आणि म्हणाली, हा चेहरा छापायचा नाही. मग तिने खोलीभर नजर फिरवली. दुसऱ्या दिवशी लीना डुबेकची लेनोर डार्सी झाली, मेणबत्तीसकट.

"त्याला राग आला नाही?" बर्नीसने विचारलं.

"हसला तो," लेनोर नाक पुसत म्हणाली. "म्हणाला, वर तुझं नाव, खाली माझं. खालच्या दुमडीत आतून लाल दोऱ्याने नाव घातलंय, कोणीतरी एक दिवस उसवेल. त्या काळी मागच्या खोलीत तशी पद्धतच होती. लग्नाच्या कपड्यात शिवणारा आपलं नाव लपवायचा. काल ऑगस्टा बोलली आणि मला त्याचं ते वाक्य आठवलं. मी गाऊन जाळणार होते, पण हात होईना."

ऑगस्टाबाईंनी गाऊन सगळ्यांसमोर आपल्या खोलीतल्या टेबलावर पसरला. कातर फिलोमिनाने घेतली. तिने दुमडीचा एकेक टाका उसवत पूर्ण घेर फिरवला. शिशाच्या गोळ्या एकामागून एक टेबलावर पडल्या. टाके जुनेच होते, मध्ये कुणी हात लावल्याची खूण नव्हती. आत लाल दोरा नव्हता. नाव नव्हतं, काहीच नव्हतं.

"त्याने थट्टा केली होती तुमची," बर्नीस म्हणाली.

लेनोर त्या रिकाम्या पट्टीकडे बघत राहिली. सगळा जन्म तिने जिची धास्ती घेतली होती, ती दुमड कोरी निघाली. लेनोर घरी बसून राहिली असती तर तिच्या नावाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

आणि मग खोलीत हळूहळू श्वास सुटायला लागले. आधी ऑगस्टाबाईंचा.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "पुरावा काही नाहीच."

"अजिबात नाही," ल्युसियन म्हणाला.

"गाऊन मिळालाय. धुवायला दिला होता असं सांगता येईल. लेनोर संध्याकाळी ठरल्याप्रमाणे फीत कापेल. विम्याचा प्रश्नच मिटला, नाही का कॅपुटोबाई?"

"माझ्या कंपनीचा मिटला. आणि डेसीबाईंचं काय? पेपरात छापून येतंय त्यांचं."

ऑगस्टाबाईंनी फिलोमिनाचा हात हातात घेतला. एवढा प्रेमळ आवाज त्यांनी दिवसभरात काढला नव्हता. "फिल, तू समजूतदार आहेस. नाव पेपरात जाणारच आहे, आता खुलासा करायचा तर सगळंच सांगावं लागेल. तू तब्येतीचं कारण सांगून बाजूला हो. वर्षभराने लोक विसरतील. मग तुला परत घेऊ, शब्द देते. पण यातलं काही बाहेर बोललीस तर या दालनात राहायचं काय उरलं? ना हॅटी राहील, ना गाऊन, ना तुझी जागा."

"आत्याचाच विचार कर," ल्युसियन म्हणाला.

बर्नीसने आजवर पुष्कळ चोर पाहिले होते. चोरी सापडल्यावर इतक्या लवकर तिची वाटणी करणारे तिने पाहिले नव्हते. "या लोकांपेक्षा खिसेकापू बरे," ती मोठ्याने म्हणाली. त्यांच्या ते अंगालाही लागलं नाही.

फिलोमिनाने आपला हात सोडवून घेतला. ती टेबलाला वळसा घालून संचालिकेच्या खुर्चीत बसली, फोन पुढे ओढला आणि पेपरच्या ऑफिसचा नंबर वही न बघता फिरवला.

"फिल," ऑगस्टाबाई म्हणाल्या, "तू तो फोन केलास तर तुझी पाटी आज दुपारीच उतरेल."

"उतरवा," फिलोमिना म्हणाली, आणि मग फोनमध्ये, "हॅटीच्या ऑफिसातली फिल बोलतेय. हो, तीच चोर. ल्युसियनने दिलेली बातमी बाजूला ठेव आणि मी सांगते ती घे. गाऊन मिळालाय, लेनोर डार्सीने नेला होता. ते खाली टाकलंस तरी चालेल, वर दुसरं घ्यायचंय. गाऊन तिने बेतलेला नाही. इसिडोर ग्लुकने बेतला, माझ्या अंगावर. मी तिथे उभी होते. ती मेणबत्तीची गोष्ट हॅटीने सांगितली आणि मी लिहिली."

लेनोर खुर्चीत आणखी खाली सरकली. ल्युसियनने फोनकडे हात नेला, पण मध्ये बर्नीस येऊन उभी राहिली होती, तपकिरी कोटासकट, आणि ती हलायची लक्षणं नव्हती.

"नाही, वारला तो," फिलोमिना सांगत होती. "खूप वर्षं झाली. ब्रॉन्क्समध्ये बहिणीकडे राहायचा. नाही, मोठं नाव कधीच झालं नाही. होणार कसं?"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. फिलोमिना पहिल्यांदाच अडखळली.

"फोटो नाही," ती म्हणाली. "एकही नाही. दिसायला बरा नव्हता, म्हणून आम्ही त्याला कधी फोटोत उभंच राहू दिलं नाही."

फिलोमिनाने डोळे पुसले आणि सांगितलं, हे शेवटचं वाक्यही छाप, आहे तसंच.